ताटात टाकायचं नाही

ती मुलगी ओकली ती थेट मास्तरांच्या बुटांवर. अर्धवट चावलेले मटार, मॅकरोनीचे पांढरे तुकडे आणि वरून कोमट दुधाची आंबट धार. बूट नवे होते, निघताना सासऱ्यांनी घेऊन दिलेले, आणि नाडी ओवायच्या भोकांत मटार कसे मापाने करून घेतल्यासारखे बसले होते. शाळेचं भलंमोठं कॅन्टीन क्षणभर चिडीचूप झालं आणि मग सगळी पोरं एका सुरात 'ईऽऽऽ' म्हणाली. परदेशात आल्यापासून मास्तरांना भाषांतराशिवाय कळलेला हा पहिलाच उद्गार.

चूक कुणाची हे विचारायचं कारण नव्हतं. सात वर्षांची ती मुलगी "पोट भरलं" म्हणून उठत होती आणि मास्तरांनी तिला उठू दिलं नव्हतं. "आधी ताट संपव," म्हणून ते समोर हाताची घडी घालून उभे राहिले. शेवटचे दोन चमचे तर त्यांनी स्वतः भरून तिच्या तोंडाशी धरले. मायेनं, असं त्यांचं म्हणणं. पण पंचनाम्यात मायेचा रकाना नसतो.

मास्तर वाढले तालुक्याच्या गावात. त्यांच्या घरी कुणी ताटात टाकलं तर वडील ओरडत नसत, नुसते जेवायचे थांबत. ते थांबले की आई थांबे, बहिणी थांबत आणि अख्खं घर भोपळ्याच्या एका फोडीकडे टक लावून बसे. ती फोड पोटात गेली की पुढचा भात वाढला जाई. वळण म्हणजे हेच, असं मास्तरांच्या हाडात मुरलेलं. पुढे गावातल्याच शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा मधल्या सुट्टीत वर्गावर्गांतून फिरून पोरांचे डबे उघडून बघत. कुणा पालकाची कधी तक्रार नाही. उलट आया रस्त्यात गाठून म्हणत, "सर, आमच्याला जरा दोडक्याचं सांगा हो, तुमचंच ऐकतो."

आणि इथे या इंटरनॅशनल स्कूलमध्ये कॅन्टीनची पाळी म्हणजे कचऱ्याच्या पिंपाशेजारी उभं राहायची पाळी. पायाने दाबलं की झाकण उघडणारं चकचकीत पिंप. पोरं रांगेत येत आणि भरलेली ताटं त्यात उपडी करत. एकाच बाजूने चावा घेतलेलं सफरचंद, न उघडलेलं दही, बोटही न लागलेला केक. सुट्टी संपेपर्यंत पिंपात वरपर्यंत रबरबाट माजे, आणि गंमत म्हणजे त्याच्या वरच्या भिंतीवर 'पृथ्वी वाचवा' असं मुलांनी रंगवलेलं चित्र. मास्तरांना दर वेळी मळमळायचं. बाकीचे शिक्षक तिथेच उभे राहून कॉफी प्यायचे. "चांगली भूक आहे आज मुलांना," असं एकदा खेळाचे सर पिंपाकडे बघून म्हणाले होते, आणि ते चेष्टा करत नव्हते.

तर महिनाभर गिळलेली ही किळस शेवटी बाहेर पडली. मास्तरांच्या नव्हे, त्या पोरीच्या तोंडून.

दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत एक गुबगुबीत सोफा होता. बसलं की गुडघे हनुवटीला लागत, त्यामुळे समोरचा माणूस आपोआपच गुन्हेगार दिसे.

"आपण कुणावर आरोप करत नाही आहोत," मोठ्या बाई हसून म्हणाल्या. इथे सगळं हसूनच म्हणत. "फक्त मुलीच्या आई परवा येतील. मुलाला जबरदस्तीने खाऊ घालणं आपल्याकडे फार गंभीर धरतात, एवढं तुम्हाला माहीत असावं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा चाचणीचा काळ अजून चालू आहे," बाई आणखी हसल्या.

चाचणी पार पडून नोकरी पक्की झाली तरच बायको आणि लेकीचे कागद पुढे सरकणार होते. तिकडे बायकोने गॅस परत करून टाकला होता, कपाट नणंदेकडे पोचवलं होतं आणि स्वतः लेकीला घेऊन माहेरी जाऊन बसली होती. माहेरी राहायला आलेल्या मुलीला पहिला आठवडा शिरा मिळतो, दुसऱ्या आठवड्यात भाजी निवडायला मिळते आणि त्यानंतर 'जावईबापूंचं काय झालं' हे ऐकायला मिळतं. ती तिसऱ्या टप्प्यात होती.

मास्तर घरी आले. घर म्हणजे शाळेने दिलेल्या दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीत त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे रसायनवाले काका. आपल्याच भाषेचे, इथे बारा वर्षं मुरलेले. पहिल्या दिवशी मराठी ऐकून मास्तरांना त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं होतं. आता त्यांच्याशी हात मिळवायचासुद्धा जिवावर येई. काका जेवायच्या टेबलावर पायाची नखं कापत. बेसिनची जाळी त्यांच्या केसांनी भरलेली असे. तळणाच्या कढईतलं तेल कधीच बदलत नसत, "मुरू दे की" म्हणत. सगळ्यात कहर म्हणजे चहाची वापरलेली पिशवी ते नळावर वाळत घालत आणि संध्याकाळी पुन्हा उकळत.

"बूट कसले धुतोयस?" बाथरूमच्या दारात उभं राहून काकांनी विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर कान कोरत म्हणाले, "तिच्या टेबलावर दुसरं कोण होतं?"

"कुणी नाही. सगळे उठून गेले होते. तीच सावकाश खात होती."

"मग रडतोस काय लेका! सांग, तिलाच आणखी हवं होतं. तू फक्त सावकाश खा म्हणालास."

"काका, सात वर्षांची पोर आहे ती."

"म्हणूनच सांगतोय. सतरा वर्षांची असती तर वकील आणला असता. हे बघ, इथे चूक केलीस तर चालतं. कबूल केलीस की मेलास. खरं बोलायची हौस घरी मराठीत भागव. शाळेत रिपोर्टाची भाषा. नापास पोराला आपण काय लिहितो? 'प्रगतीला भरपूर वाव आहे.' मग तुझ्या वागण्यालाही वाव आहे, एवढंच."

एवढं बोलून त्यांनी कानातून निघालेला ऐवज निरखून बघितला आणि पायजम्याला पुसला. त्यांचा सल्ला आणि तो ऐवज यांत फरक करणं मास्तरांना जड गेलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. मास्तरांना खात्री होती की ती काकांचं म्हणणं ऐकून भडकणार. लग्नाच्या वेळी आपलं वय एक वर्षाने कमी सांगितलं म्हणून स्वतःच्या मामाशी भांडलेली बाई ती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका बरोबर सांगतायत."

"अगं, पण त्या पोरीवर ढकलायचं?"

"अहो, ती विसरेल चार दिवसांत. तिचं काय जाणारे? इथे वहिनी रोज पोळ्या मोजून लाटते आणि लेकीच्या ताटाकडे बघते. मला घास उतरत नाही. आता तत्त्वं काढून बसू नका, हात जोडते."

मास्तरांना राग यायला हवा होता. आला तो सुटकेचा श्वास, आणि त्या श्वासाचीच त्यांना शिसारी आली. तेवढ्यात लेकीने फोन ओढून घेतला आणि स्वच्छ पुसलेलं ताट पडद्यासमोर धरलं. "बाबा, बघा, सगळ्ळं संपवलं!" ताटाआडून तिचा चेहराही दिसेना. "शाब्बास," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

परवाचा दिवस उजाडला. मोठ्या बाईंच्या खोलीत त्या मुलीची आई आली, घाईत, कचेरीच्या कपड्यांत, एक डोळा फोनवर. शेजारी ती मुलगी. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते आणि एक मोजा घोट्यापर्यंत घसरला होता. मास्तर सोफ्यात रुतले.

"नक्की काय झालं, तुम्ही सांगाल का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

रात्रभर मास्तरांनी दोन वाक्यं घोकली होती, एक खरं, एक खोटं. कुठलं आधी येईल हे तोंड उघडेपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं. "तिला आणखी हवं होतं," ते म्हणाले. "मी फक्त म्हटलं, सावकाश खा. चमचा हातात धरायला मदत केली." महिनाभर ज्यांची इंग्रजी वाक्यं मध्येच पंक्चर होत, त्यांच्या तोंडून हे वाक्य लोण्यासारखं निघालं. एक चूक नाही.

"असंच झालं ना गं?" बाई मुलीकडे वळल्या.

मुलीने मास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. गणित कळलं नाही तरी पोरं फळ्यावरचं उत्तर जसं वहीत उतरवून घेतात, तशी ती बघत होती. सरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

"हो," ती म्हणाली.

आईने सुस्कारा टाकला. "वाटलंच मला. घरीसुद्धा हेच. किती सांगितलं, आधाशासारखं खाऊ नकोस. वजन बघा हिचं! उगाच तुम्हाला त्रास झाला सर. चल, सॉरी म्हण सरांना."

"सॉरी सर."

"असू दे, असू दे," मास्तर म्हणाले. नुसतं म्हणाले नाहीत, तर हसले, आणि ते हसू हुबेहूब मोठ्या बाईंसारखं होतं.

नोकरी पक्की झाली. काकांनी पाठीत धपाटा घालून त्या मुरलेल्या तेलात भजी तळली आणि मास्तरांनी, इतके दिवस नाक मुरडणाऱ्या मास्तरांनी, ती खाल्ली. "जमलं की रे तुला," काका तेलकट ओठांनी म्हणाले. "आता तू इथला झालास." मास्तरांना भजं घशाशी आलं, पण त्यांनी गिळून टाकलं. ओकायची सोयही आता उरली नव्हती. नळावर पिशव्या दोन वाळू लागल्या.

इकडे आईच्या सूचनेवरून त्या मुलीला कॅन्टीनमध्ये अर्धंच ताट मिळू लागलं. वाढणारी बाई तिला बघितलं की पळी अर्ध्यावरून मागे घेई. पोरं तिला 'आणखी' म्हणून हाक मारू लागली. "ए आणखी, तुला आणखी पाहिजे?" असं म्हणून स्वतःचं भरलं ताट तिच्या नाकासमोरून पिंपाकडे नेत. ती आपलं अर्धं ताट संपवून, हात मांडीवर ठेवून, घंटा व्हायची वाट बघत बसे.

तिचं 'सॉरी' आपल्याकडे पडून आहे, ते परत द्यायचं, असं मास्तरांनी ठरवलं. पण द्यायचं कसं? शिक्षकाने मुलाशी एकट्याने बोलायचं नाही, असा नियम. तिसरा माणूस उभा करून बोलावं, तर सॉरी कशाबद्दल हे त्या तिसऱ्यालाही कळणार, आणि विमानाची तिकिटं तर काढून झालेली. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "येऊ तर द्या आम्हाला, मग काय ते म्हणा." आता त्या इथे आल्यावर कोण म्हणू देणार होतं?

बायको-लेक यायच्या होत्या त्या सकाळी मास्तर लवकर निघायची परवानगी घ्यायला चालले होते. समोरून दुसरीचा वर्ग रांगेने आला. बाई पुढे, पोरं मागे, शेवटी ती. रांगेचं टोक आणि बाई यांच्यात अंतर पडलेलं. मास्तर थांबले. ती मुलगीही थांबली आणि त्यांना वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली.

"गुड मॉर्निंग सर."

"गुड मॉर्निंग," मास्तर म्हणाले.

ती आणखी थोडी थांबली, काही विसरलंय का ते आठवत असल्यासारखी. मग पळत जाऊन रांगेला मिळाली. मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि टॅक्सीला फोन लावला.