लायनीत उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाई

डॉ. निर्मला आंबेगावकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठ्या डॉक्टरांनी लिहिले आहे. मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि नात उतरवून घेते आहे. तिने मध्येच स्वतःचे काही घुसडले तर मला दिसणार नाही. पण वाचून दाखवल्याशिवाय कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, हे मला बाईंनीच शिकवले.

बाईंची नि माझी ओळख भांडणातून झाली. रहाटणीत आमच्या समाजमंदिरात दर गुरुवारी त्यांच्या मेडिकल कॉलेजचा दवाखाना भरतो. त्या दिवशी साध्या सुती साडीतल्या एक बाई रांग सोडून थेट दाराकडे निघाल्या. मी त्यांचा दंड धरला. म्हटले, ‘‘आमी काय हितं हवा खायला उभ्या हाय? लायनीत या.’’ त्या निमूट माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. वेळ जावा म्हणून मी त्यांना डॉक्टर लोकांविषयीची माझी मते सांगितली. बीपीची गोळी रोज घेते असे डॉक्टरला सांगायचे आणि डोके दुखेल तेव्हाच घ्यायची, हेही सांगितले. शेजारची हिराबाई तर गोळ्या डब्यात साठवते आणि पाहुण्यांना दाखवते, हेसुद्धा. आमचा नंबर आला तशा आतल्या शिकाऊ पोरी ताडकन उठून उभ्या राहिल्या, आणि माझ्या मागच्या बाई डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. आता माझी धडगत नाही असे मला वाटले. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘आजी, आज डोकं दुखतंय का?’’

माझा थोरला चाकणच्या कंपनीत आहे. सेकंड शिफ्टची बस चुकेल या सबबीखाली तो साखर तपासायला यायचा नाही. एका गुरुवारी बाई स्वतः कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या, सगळ्या बसदेखत त्याचे बोट टोचले आणि परत आल्या. पुढच्या गुरुवारी तो आपणहून आला. साखरेपेक्षा बसमधल्या लोकांची धास्ती मोठी.

पण बाईंचे खरे काम मुलांना घडवण्याचे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांची दरसाल एक परिषद भरते. तिथे आपला अभ्यास मांडायचा तर आधी त्याचा गोषवारा पाठवावा लागतो. नात त्याला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणते. महिनोन्‌महिन्यांची उठाठेव अडीचशे शब्दांत बसवायची. तेवढ्या शब्दांत माझे सुनेला हाक मारूनसुद्धा होत नाही. बाईंचा दंडक असा, की गोषवारा पाठवण्याआधी ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना तो मराठीत वाचून दाखवायचा.

माझी नात अनुजा त्यांच्याच हाताखाली शिकते. तिने विषय घेतला, की आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या बीपीची गोळी नेमाने घेतात का. ती आणि तिच्या मैत्रिणी घरोघर विचारत फिरणार होत्या. मला वाटले, ही पोरीचीच परीक्षा. म्हणून आदल्या दिवशी मी आळीभर बजावून आले, की पोरगी विचारील त्याला व्हय म्हणा, तिचे मार्क आपल्या हातात आहेत. बायका माझ्या शब्दाबाहेर नाहीत. एकजात व्हय म्हणाल्या.

गोषवारा पाठवायला एक दिवस उरला तेव्हा समाजमंदिरात वाचन झाले. अनुजाने मोठ्या झोकात वाचले, की इथल्या सगळ्या बायका गोळी रोज आणि वेळेवर घेतात. ऐकता ऐकता मलाही आळीचा अभिमान वाटू लागला. मग शेवट आला. घरोघर येऊन गोळीची आठवण करून देणाऱ्या ताईंची इथे गरज नाही, त्यांना दुसऱ्या वस्तीत पाठवावे, असे त्यात होते. त्याच आठवड्यात हिराबाई चक्कर येऊन मोरीत पडली होती. मी तिच्याकडे पाहिले. तिने पदर तोंडावर घेतला होता.

‘‘बरोबर आहे ना, आजी?’’ बाईंनी विचारले.

समोर नात उभी. त्या कागदापायी तिने दिवाळीची सुट्टीसुद्धा घेतली नव्हती. व्हय म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी कागद रवाना झाला असता.

‘‘न्हाई,’’ मी म्हटले. ‘‘समदं खोटं हाय. मीच पढवलं व्हतं बायकांना.’’

हिराबाई पदराआडून म्हणाली, ‘‘माझा डबा तर आता झाकण बी घेईना.’’ बायका हसल्या. अनुजा हसली नाही. शेवटचे वाक्य तेवढे बदलून पाठवता येईल का, असे तिच्या मैत्रिणीने विचारून पाहिले. बाईंनी मान हलवली. यंदा पाठवायचे नाही. नात माझ्याशी चार दिवस बोलली नाही, आणि तिचे बरोबर होते.

पुढच्या वर्षी मुलींनी काही विचारले नाही. डबे उघडून दाखवा म्हणाल्या. मग आमच्या शेजारी बसून, बायका डॉक्टरला व्हय का म्हणतात तेही ऐकून घेतले. तो गोषवारा परिषदेत निवडला गेला. त्यात ‘एका आजींनी शेजारणींना पढवले होते’ असे वाक्य आहे, नाव नाही. मी तक्रार केली. सांगणाऱ्याचे नाव छापत नाहीत, असे बाई म्हणाल्या.

तेव्हाच मी त्यांना विचारले, ‘‘बाई, तुमाला तर पैल्या दिवसापास्नं ठावं व्हतं. पोरीला आधीच का न्हाई सांगितलं?’’

‘‘तुम्ही ते लायनीतल्या बाईला सांगितलं होतं, आजी. डॉक्टरला नाही.’’

बाईंना आता साठ पूर्ण झाली आणि त्यांनाही बीपीची गोळी लागली आहे. परवा मी विचारले, रोज घेता ना? ‘‘हो, रोज,’’ त्या झटकन म्हणाल्या. मी म्हटले, डबा दाखवा. त्या हसल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेव्हा देवाजवळ माझे मागणे असे, की बाईंना शंभर वर्षे धडधाकट ठेव आणि आणखी इतक्याच पोरी त्यांच्या हातून घडव. बाकीचे मी बघते. येत्या गुरुवारी बाईंनी डबा घेऊन यावे. मी लायनीत त्यांच्या मागेच उभी आहे.