मिठाच्या राशींतली उंबरखिंड

माझं माहेर उंबरखिंडीच्या पायथ्याशी. खिंड म्हणजे घाटावरून कोकणात उतरणारी अरुंद वाट. दोन्ही अंगांना डोंगर, आणि झाडी अशी दाट की भर दुपारी अंधारून यावं. महाराजांच्या काळात मोगलांची मोठी फौज या वाटेनं खाली उतरायला निघाली. महाराजांची माणसं रानात दबा धरून बसलेली. सगळी फौज आत शिरेपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. मग पुढचं तोंड बंद, मागचं बंद, आणि वरून दगडांचा मारा. मोगलांना प्यायला पाणी मिळेना. त्यांच्यात एक सरदारीण होती. तिनं आपल्या खानाला सांगितलं, आता शरण जाण्यातच शहाणपण आहे. खानानं ऐकलं. महाराजांनी सामानसुमान ठेवून घेतलं आणि माणसं जिवंत सोडली.

आमच्या गावात ही लढाई गेल्या आठवड्यात झाल्यासारखी बोलायचे. गाय हरवली तर माझे वडील म्हणायचे, "खान अडकला तिथपर्यंत बघून ये, पुढे जाऊ नको." आम्ही पोरी तिथं करवंदं खायचो. लढाईचं आम्हाला काही कौतुक नव्हतं. ती गावच्या विहिरीसारखी होती, असायचीच.

कौतुक वाटायला लागलं ते लग्न होऊन खाडीकाठी आले तेव्हा. सासर वाशीच्या खालच्या अंगाला. आज तिथं सोसायट्या उभ्या आहेत, तेव्हा सगळी भातखाचरं आणि मिठागरं. नजर जाईल तिथवर सपाट. पहिले काही दिवस मला उघड्यावर झोपल्यासारखं वाटायचं, पाठीशी काहीच नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डोंगर काय उचलून आनू? त्याला पाय असते तर आनला असता."

सासरे गावातले भारदस्त माणूस. उंच, पल्लेदार मिशा, आवाज असा की घरातून हाक मारली तर बंदरावरच्या माणसानं ओ द्यावी. हट्टही तेवढाच मोठा. शेजारच्या काकांशी ते दोन पावसाळे बोलत नव्हते. दोघांची शेतं लागून, आणि खाडीचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांध दोघांच्या सामाईकीचा. एका उधाणाला बांध फुटला, पाणी आत आलं, दोघांचंही भात गेलं. दुरुस्तीची पाळी तुझी होती, नाही तुझी होती, यावरून जे वाजलं ते वाजलं. बांध तसाच फुटका. शेतात भाताऐवजी खेकडे. पहिल्यांदा एकत्र पेरलं त्यांनी ते हे भांडण, असं माझी सासू म्हणायची.

मराठी राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. शाळेतल्या गुरुजींनी शिवजयंतीला नाटक बसवायचं काढलं. उंबरखिंडीच्या लढाईला यंदा तीनशे वर्षं झाली, म्हणून तीच लढाई. गुरुजी देशावरचे, बारीक अंगाचे, पण उत्साह दहा माणसांचा. त्यांनी सांगितलं, महाराजांचं सोंग कुणी घ्यायचं नाही. महाराजांच्या जागी भगवा झेंडा राहील, आणि हुकूम द्यायला एक सेनापती.

मावळे व्हायला गावातली सगळी पोरं तयार. मोगल व्हायला कुणी नाही. शेवटी गुरुजी आमच्या ओटीवर आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "खानाला आवाज लागतो. तुमच्याशिवाय गावात कुणाचा नाही."

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "खानाला बसाया खुर्ची हाय?"

"आहे. शिवाय सगळ्यात मोठा फेटाही त्याचाच."

"मंग व्हतो खान."

सेनापती कोण, हे गुरुजींनी तेव्हा सांगितलंच नाही. ते शेजारचे काका होते. सासऱ्यांना कळलं तेव्हा अर्ध्या गावात त्यांच्या खानाची चर्चा झालेली, माघार घेणं बरं दिसेना. तालमीत दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. शेवटी खानानं सेनापतीसमोर तलवार ठेवायची असायची. सासरे ती लांबूनच टाकायचे आणि तोंड फिरवायचे.

सरदारणीचं काम गावच्या नाटकांत दरवर्षी बायकी कामं करणाऱ्या एका तरण्या पोराला दिलं होतं. ऐन वेळी त्याचं लग्न ठरलं आणि मुलीकडच्यांनी त्याची मिशी बघितलेली, म्हणून तो ती उतरवेना. मिशीवाली सरदारीण कशी चालायची? आमच्या ओटीवर माणसं जमून ही चर्चा चालली असताना माझा धाकटा दीर पटकन बोलून गेला, "आमची वयनी त्या खिंडीतलीच हाय. तिला सगला पाठ हाय."

मी मोरीत भांडी घासत होते, हातातली कळशी निसटली. गावातल्या सुनेनं चार माणसांपुढं सोंग घ्यायचं, तेही सासऱ्यांसमोर उभं राहून, तोंड वर करून बोलायचं! पण माझ्याआधी सासूच बाहेर आली.

"पदराचा कं करनार?" एक म्हातारी म्हणाली.

"पदर कशाला? फेटा हाय ना," सासू म्हणाली. "डोका झाकल्याशी मतलब."

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "खानाच्या फौजेतली बाई खानाच्याच घरची असली तं कोनाला बोलाया जागा नाय."

तालमीत माझा आवाज फुटेना. मान खाली घालून मी पायाच्या अंगठ्याशी बोलायचे. गुरुजी कळवळून म्हणायचे, "ताई, तुम्ही सरदारीण आहात, वर बघा." एकदा सासऱ्यांनीच वैतागून सांगितलं, "वर बघ गो! मी काय वाघ हाय?" मी वर बघितलं. लग्नानंतर त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट बघितला. डावी भुवई अर्धी पांढरी होती.

आता राहिली खिंड. सपाट गावात डोंगर कुठून आणायचे? गुरुजींनी मिठागर दाखवलं. तेव्हा जयंती वैशाखात यायची, आणि वैशाखात मिठाच्या मोठमोठ्या राशी लावलेल्या असतात, घराएवढ्या उंच, पांढऱ्याशुभ्र. त्यातल्या दोन राशी अगदी जवळजवळ होत्या, मधून बैलगाडी जाईल एवढीच वाट. पोरांनी खाडीतून तिवरांच्या फांद्या आणून त्या राशींवर खोचल्या. मी बघायला गेले आणि उभीच राहिले. पांढरा असला तरी तो डोंगर होता. पाठीशी काहीतरी आलं होतं.

जयंतीच्या दिवशी ऊन उतरल्यावर सगळा गाव मिठागराच्या बांधावर बसला. पलीकडचे कोळी होड्या घेऊन आले, बायकांनी पोरांना कडेवर उंच धरलं. माझ्या अंगावर काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, कमरेला सासूचा चांदीचा पट्टा, डोक्यावर फेटा.

सुरुवात छान झाली. सासरे फौज घेऊन डुलत डुलत आत शिरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. झेंडा हलला, "हर हर महादेव" झालं आणि राशींवरून मावळे उठले. दगडाऐवजी कापसाचे बोळे टाकायचं ठरलं होतं. पण कापूस पुरला नाही, आणि पोरांच्या पायाखाली मिठाची ढेकळं होती. मग काय! ढेकळं फुटत होती, मीठ डोळ्यात, मिशीत, घामेजल्या मानेवर. आमच्या फौजेतली माणसं खरोखर ओरडायला लागली. सासऱ्यांचे डोळे लाल झाले.

तेवढ्यात तलवार ठेवायची वेळ आली. सासऱ्यांनी बेगड लावलेली लाकडी तलवार नेहमीसारखी लांबून टाकली. शेजारचे काका राशीच्या टोकावर झेंड्याशेजारी उभे, रंगात आलेले. नाटकात नसलेलं वाक्य त्यांनी म्हटलं, "अशी नाय! वाकून ठेव, खाना. नीट वाकून!"

लोक खदखदून हसले. सासऱ्यांनी दोन पावलं पुढं टाकली, तलवार उचलली आणि गरजले, "नाय ठेवत! खान शरन जानार नाय!"

कोळ्यांच्या होडीतून कुणीतरी ओरडलं, "शाब्बास खाना!" आणि झालं, अर्धा गाव खानाच्या बाजूनं टाळ्या पिटायला लागला. गुरुजी राशीआडून दोन्ही हात हलवत होते. वरून काका म्हणत होते, "ठेव!" खालून सासरे म्हणत होते, "नाय!" आता हे नाटक नव्हतं, बांधाचं भांडण होतं, आणि ते सगळ्यांना कळलं होतं. हसणं हळूहळू थांबलं.

मला आजही सांगता येत नाही मी कशी बोलले. मी सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले, सरळ त्यांच्याकडे बघितलं. "खानसाहेब," मी म्हटलं, "पुढं वाट नाही, मागं वाट नाही. प्यायला पाणी नाही. तुमची फौज बघा. यांच्या डोळ्यांत मीठ गेलंय, घरी लेकरं वाट बघतायत. तुम्ही अडून राहाल, तुमची मिशी राहील. पण तुमच्या हट्टापायी ही माणसं उपाशी मरतील."

शेवटचं वाक्य गुरुजींनी लिहिलेलं नव्हतं. सासऱ्यांची अर्धी पांढरी भुवई हलली. उपाशी कोण आणि कशापायी, हे त्यांना बरोबर पोचलं.

मग मी वर बघितलं. "आणि सेनापती, महाराजांनी खानाला जिवंत सोडला. वाकायला लावा असं महाराज म्हणाले नाहीत. झेंड्याला विचारा."

काकांनी खरंच झेंड्याकडे बघितलं. मग ते खाली उतरायला लागले, पाय घसरला, आणि महाराजांचे सेनापती बसल्या बसल्या मिठावरून घसरत थेट खानाच्या पायाशी येऊन थांबले. कुणी हसलं नाही. पहिले हसले ते सासरेच. त्यांनी हात देऊन काकांना उठवलं आणि त्याच हातात तलवार दिली.

"घे," ते म्हणाले. "वाकलो नाय हां मी."

"वाकलास ना, मला उचलताना," काका म्हणाले, आणि मग मात्र सगळा बांध हसला.

घरी येताना मी पुन्हा पदर घेतला आणि मागं मागं चालले. भीती वाटत होती. सासरे ओटीवर बसले, पाणी प्यायले, डोळे धुतले. मग सासूला म्हणाले, "सुनेला सांग, फेटा सांभालून ठेव." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फावडं घेऊन निघाले. शेजारच्या दारात उभे राहून त्यांनी हाक मारली, "लराई झाली, तह झाला. बांध तेवरा र्‍हायलाय." काका टोपली घेऊन बाहेर आले. आम्ही दोन्ही घरच्या बायका चिखल वाहायला गेलो. पाळी कुणाची होती हा विषय बांध पुरा होईपर्यंत रोज निघाला, पण तोंडानं भांडत होते आणि हातानं माती टाकत होते. त्या साली खारं पाणी आत आलं नाही. दिवाळीच्या आधी दोन्ही शेतं पिवळी झाली.

नाटक पुढे पाच-सहा वर्षं तरी दर जयंतीला झालं. खान तोच, सेनापती तोच. माझ्या दोन बाळंतपणांची वर्षं सोडली तर सरदारीण मीच. माझ्यामागून गावातल्या आणखी सुना उभ्या राहायला लागल्या, मग मोगलांच्या फौजेत बायकाच जास्त झाल्या. गावात कुणी हट्टाला पेटलं की लोक म्हणायचे, "सरदारनीला बोलवा." मी चुलीपुढून उठून जायचे. कधी दोन भावांची वाटणी, कधी रुसून बसलेली सासू. बोलायचे तेच, की पुढं वाट आहे का बघा, मागं आहे का बघा. पुष्कळदा जमायचं. कधी नाही जमायचं, तेव्हा चहा पिऊन परत यायचे.

त्या पहिल्या वर्षी भात झोडून झाल्यावर सासऱ्यांनी अचानक विचारलं, "ती खिंड खरी हाय का गो?" हाय म्हटल्यावर ते आणि शेजारचे काका दोघंही माझ्याबरोबर माहेरी यायला निघाले. पनवेलहून एसटी, मग पायी. वडिलांनी दोघांना आदरानं खिंडीत नेलं. सासऱ्यांनी एवढा डोंगर जवळून कधी बघितला नव्हता. ते मान मागं टाकून उभे राहिले, फेटा पडला. काका झाडीत चढून गेले आणि वरून ओरडले, "खाना, दिसतोय मी?"

"नाय दिसत!" सासरे म्हणाले. मग हळूच मला म्हणाले, "कायच दिसत नाय गो. बरा सांगलान खानाला त्या बाईनं."

थंडीचे दिवस होते. वडिलांनी तिथंच मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी केली. सगळे वाफाळत्या शेंगा सोलत बसलो असताना गुरं वळणारी दोन पोरं आली. अनोळखी माणसं बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण? इथं काय करताय?"

सासऱ्यांनी शेंगांची ओंजळ त्यांच्यापुढं धरली. "आमी व्हय? आमी हितं हरलो व्हतो," ते म्हणाले. "बसा, खा."