चिंचेने घासलेली बंदूक

आजोबांची तीन नळ्यांची बंदूक कुठल्या बनावटीची, हे परवान्याच्या अर्जात लिहायचं होतं. म्हणून परभणीच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने वाढवलेलं करंगळीचं नख नळीवरून फिरवलं आणि माझ्याकडे रागाने बघितलं.

"चिंचेनं कोन घासलं हिला?"

"आईनं. दर दसऱ्याला पूजेआधी घासते, तांब्याच्या भांड्यांसारखी."

"सगळ्या खुना गेल्या की वो!"

मग त्याने नळ्यांखालचं लाकूड हलकेच काढलं. तिथवर आईची चिंच पोचली नव्हती. त्याने खडू घासला, फुंकर मारली आणि भिंग माझ्या हातात दिलं. पोलादात इवलेसे मुकुट होते आणि प्रत्येकाखाली एक अक्षर.

"जर्मन हाय. विकायच्या आधी तिकडच्या सरकारनं जास्तीची बारूद भरून उडवून बघितली. फुटली न्हाई, मंग हे मुकुट मारले. वरच्या दोन नळ्या छऱ्याच्या, खालची रायफलची."

"त्या खालच्या नळीनंच आजोबांनी बिबट्या मारला होता," मी अभिमानाने सांगितलं.

त्याने बंदूक उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत बघितलं.

"त्या इम्तिहानानंतर ही नळी उडालीच न्हाई, भाऊ. आतल्या खाचा लय कोऱ्या हायेत."

"मग बिबट्या?"

"मला नळीवरचं वाचता येतंय. बिबट्याचं तुमी बघा," तो लाकूड परत बसवत म्हणाला. "अन् आईला सांगा, नुसतं तेल लावा."

दसऱ्याला आई बंदूक पुढ्यात घेऊन नातवंडांना बिबट्याची गोष्ट सांगू लागली. मी चिंचेची वाटी उचलली, तेलाची ठेवली आणि गोष्ट ऐकत बसलो.