बाबांनी उजेडात धरलेला ग्लास

बाबांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यातल्या सोनेरी रंगाकडे बराच वेळ पाहत राहिले. आयुष्यभर दारूला न शिवलेले माझे बाबा पंचाहत्तरीत माझ्या धाकट्या भावाच्या, निलेशच्या ब्रुअरीत बसून त्यानं बनवलेली बिअर चाखत होते.

"ही ब्लाँड एल प्रकारची बिअर," निलेश सांगत होता, "सौम्य, किंचित गोडसर. आणि ही गोल्डन. दिसायला जवळपास तशीच, पण हिच्यात हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा थोडा जास्त जाणवतो."

बाबांनी दोन्हींचा एकेक घोट घेतला. "खरंच रे. हिचा कडूपणा मागाहून येतो. छान जमलंय तुला."

वीस वर्षं बाबा माझ्याकडे राहतात. त्यांची औषधं, डॉक्टर, सगळं मीच पाहतो. पण माझ्या कुठल्याच गोष्टीकडे त्यांनी असं निरखून पाहिल्याचं मला आठवत नाही. हेवा यशाचा वाटतो, अशी माझी समजूत होती. त्या दुपारी कळलं, तो कुणाच्या तरी नजरेचा वाटतो. आणि ती नजर काही मागून मिळत नाही.

"तुला कळला का फरक?" बाबांनी मला विचारलं.

कळला होता, अगदी स्पष्ट.

"मला तर दोन्ही सारख्याच लागतात," मी म्हणालो.

निलेशचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. तरी मी शब्द मागे घेतले नाहीत.