बाईंच्या नावाने

परमिटच्या पुस्तकावर पालथा हात ठेवून बाई विचारायच्या, "बघून आलास काय?" समोरचा हो म्हणाला तरी हात उठायचा नाही. "काय काय बघितलंस ते सांग." मग तो सांगायचा की झडपा बंद आहेत, आतली हवा मोजली आहे, दोर तयार आहे. तेव्हा कुठे हात बाजूला व्हायचा आणि सही पडायची.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत बाई सेफ्टी खात्यात होत्या. आमच्याकडे रिअ‍ॅक्टर आहेत, म्हणजे दोन मजली उंचीच्या पोलादी टाक्या. त्या धुवायला माणूस वरच्या भोकातून आत उतरतो. आत नायट्रोजन राहिला असेल तर त्याला वास नसतो, रंग नसतो. दोन श्वासांत माणूस आडवा होतो. म्हणून उतरण्याआधी बाईंची सही लागायची. मी तिथेच संगणक विभागात, वातानुकूलित खोलीत बसणारा. बाईंसारखी एखादी व्यक्ती तुम्हीही पाहिली असेल. काम अडवते म्हणून सगळे तिच्या नावाने बोटं मोडतात, आणि ती रजेवर गेली की उगाच चुकल्यासारखं वाटतं.

बाई मॅनेजरसाहेबांनाही सोडत नसत. एकदा साहेब स्वतः परमिटसाठी आले, तर बाईंनी विचारलं, "साहेब, बघून आलात काय?" साहेब तीन जिने चढून वर जाऊन आले आणि घाम पुसत सगळं पाठ म्हणून दाखवलं. आम्ही आठवडाभर हसत होतो.

दुसरा प्रश्न ठरलेला असायचा. "दोर कोण धरणार?" टाकीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो आणि वर एकजण तो धरून उभा राहतो. एकदा दोर धरायला उतरणाऱ्याचाच मेव्हणा होता. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून दोघांकडे पाहिलं. "तुमची दोघांची बांधावरून केस चालू हाय ना रे? मग ह्यो नाय धरनार. दुसरा आन." मेव्हणा फुरंगटला, पण दुसरा माणूस आला.

मग कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं आणि परमिटची पुस्तकं कपाटात गेली. आता बटन दाबलं की हिरव्या अक्षरांत बाईंचं नाव उमटायचं आणि खाली 'मंजूर'. बाईंना ते पटलं नाही, पण शिकल्या. फक्त सवय गेली नाही. प्रश्न विचारताना पालथा हात आता कीबोर्डवर पडायचा आणि पडद्यावर अक्षरांची रांग धावत सुटायची. मी चिडवायचो, "बाई, काय निबंध लिहिताय?" त्या डब्यातली सुकटीची चटणी माझ्या पुढ्यात सरकवायच्या आणि म्हणायच्या, "गप खा."

शिमग्याला आमची अर्धी कंपनी गावाला जाते. बाईही पोलादपूरकडच्या, पालखी दारात येणार म्हणून चार दिवस रजेवर. साहेब मला म्हणाले, "काम अडायला नको. बाईंचा अधिकार चार दिवस शिफ्टच्या लोकांना देऊन टाक." मी दिला. म्हणजे खालच्या शिफ्टच्या खोलीतून कोणीही बटन दाबलं तरी परमिट मंजूर व्हायचं, आणि नाव मात्र बाईंचंच उमटायचं. हा अधिकार कधी संपणार ती तारीख टाकायला एक जागा होती. ती मी रिकामी सोडली. पालखी एखादा दिवस लांबते, हे काय मला माहीत नव्हतं? आल्यावर बंद करू म्हटलं.

शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात. आमच्याकडे हे उरलं, आणि मी साफ विसरून गेलो.

भर उन्हाळ्यात एका सकाळी बाई माझ्या खोलीत आल्या. हातात सॉफ्टवेअरमधून काढलेला कागद आणि त्यांची स्वतःची वही होती. उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्या वहीत लिहून ठेवायच्या. कागदावरची नावं वहीपेक्षा जास्त होती.

"काल नऊ वाजून दहा मिनिटांनी मी सही केली असं ह्यात लिवलंय," त्या म्हणाल्या. "तवा मी एसटीत व्हते. ह्या मानसांना मी बघितलेलंच नाय. माझ्या नावानं कोन उतरवतंय त्यांना?"

शिमग्याला दिलेला अधिकार चालूच राहिला होता. मला कळलं होतं. तरी मी म्हणालो, "बघतो."

"बघतो नको. बघ."

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "आत्ता काढलंस तर कोणी उघडलं ते विचारतील. हात दाखवून अवलक्षण कशाला? ऑडिट होऊन जाऊ दे." उघडणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. मी परत येऊन गुपचूप बसलो. मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

बाई मात्र थांबल्या नाहीत. आल्या आल्या हेल्मेट चढवून सगळ्या रिअ‍ॅक्टरांवर फिरून यायच्या. गुडघे दुखायचे, मधल्या जिन्यावर थांबून श्वास घ्यायच्या. मी काचेतून पाहायचो आणि मान खाली घालायचो.

एके दिवशी त्यांची एसटी उशिरा आली. फाटकातच त्यांना कळलं की चार नंबरमध्ये माणूस उतरलाय, परमिट त्यांच्याच नावाचं. त्या धावल्या. वर पोहोचल्या तेव्हा दोर कठड्याला बांधलेला होता आणि धरणारा चहाला गेला होता. त्यांनी आरडाओरडा करून माणसं गोळा केली आणि त्याला वर ओढलं. तो जगला. वरंधकडचा आहे. आता गावी म्हशी चरायला नेतो, आणि कधीकधी परतीचा रस्ता विसरतो.

चौकशी झाली. मला एकच प्रश्न विचारला गेला, "सिस्टीममध्ये मंजुरी कोणाच्या नावाने आहे?"

"बाईंच्या," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं, म्हणूनच बोलायला सोपं गेलं. बाई समोर बसल्या होत्या. त्यांचा पालथा हात टेबलावर होता. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांनी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला, म्हणजे त्यांना द्यायला लावला.

पंधरा दिवसांपूर्वी एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा पोलादपूरच्या स्टँडवर त्या दिसल्या. पिशवीत भाजी होती. मी टाळणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. घरचं विचारलं. मग म्हणाल्या, "माझं नाव बंद केलंस काय रे?"

"तुम्ही गेलात त्याच दिवशी, बाई."

"बघून आलास काय?"

एसटी लागली आणि त्या गर्दीत चढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदाच खाली शिफ्टच्या खोलीत गेलो. चार नंबरच्या सफाईचं एक परमिट तपासणीपुरतं भरलं आणि बटन दाबलं. लाल अक्षरांत नकार येईल अशी खात्री होती. हिरवी अक्षरं आली. बाईंचं नाव, वेळ, मंजूर. मी त्यांचं खातं बंद केलं होतं, पण शिमग्याला दिलेला अधिकार वेगळाच होता. तो तसाच चालू होता. प्रिंटरने कागदही बाहेर टाकला.

माझ्या मागून एक हात आला आणि त्याने तो कागद उचलला. ठेकेदाराकडचा, चाळिशीचा माणूस होता, खांद्यावर दोराचं वेटोळं.

"झालं काय साहेब? उतरू?"

"थांब. ही मंजुरी खोटी आहे."

"पन मॅडमचं नाव हाय ना."

"नाव त्यांचं आहे. त्यांनी काही पाहिलेलं नाही. त्यांच्या नावाने मी हे उघडं ठेवलं होतं, शिमग्यापासून."

हे वाक्य मी चौकशीत म्हणायला हवं होतं. आज म्हणालो, तेही अशा माणसापाशी ज्याचं नावही मला माहीत नव्हतं. त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांद्यावरचा दोर काढून सावकाश खाली ठेवला.

"आनि साहेब," तो म्हणाला, "परवा मी उतरलो व्हतो, तवा?"