आधीच्या मुलीशी बोलून घ्या

व्हिसाच्या कागदावर लिहिलं होतं, सांस्कृतिक देवाणघेवाण. आठवड्याला तीस तास मूल सांभाळायचं, उरलेल्या वेळात त्या देशाची भाषा शिकायची आणि यजमानांकडे घरच्या मुलीसारखं राहायचं. या घरातली लेक छोटी, म्हणून ही थोरली, आणि ती अगदी तशीच राहत होती. घरच्या मुलीला सुट्टी नसते आणि सिंकमधली भांडी कुणाची, असं ती विचारत नाही. तळघरातल्या तिच्या खोलीत कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं अशी दोन मशिन्स होती. ती चालू असली की तिची कॉट थरथरायची. फ्रिजमधला सगळ्यात खालचा खण तिचा. वरच्या खणांना हात लावायचा नाही, हे मालकीणबाईंनी एकदाच, गोड आवाजात सांगितलं होतं. त्या कधी आवाज चढवत नसत. त्यापेक्षा ओरडणारं माणूस परवडलं, असं थोरलीला वाटे. त्याला निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात.

वर्ष संपायला तीन आठवडे उरले. दुसऱ्या गावातलं एक कुटुंब तिला पुढच्या वर्षासाठी घ्यायला तयार होतं, पण त्यांना मालकीणबाईंच्या सहीचं शिफारसपत्र हवं होतं. ते मिळालं नाही तर गाशा गुंडाळून घरी. परत आलीस की लग्न, असं वडिलांनी बजावूनच पाठवलं होतं आणि काकांनी आणलेलं स्थळ तिकडे दबा धरून बसलं होतं.

मालकीणबाई म्हणाल्या, सही करते, पण आधी नवी मुलगी पक्की होऊ दे. एजन्सीचा नियम होता की करार करण्याआधी नव्या मुलीने आधीच्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्यायचं. नवी मुलगी नेमकी थोरलीच्याच भाषेची निघाली.

म्हणजे थोरली खरं बोलू शकत होती. मालकीणबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. पण त्यांच्या पाच वर्षांच्या छोटीला कळत होतं. वर्षभर अंघोळीला, जेवायला, झोपायला थोरलीच. पोर थोरलीची भाषा घडाघडा बोलायला लागली होती आणि थोरलीला त्याचं कोण कौतुक. कॉलच्या वेळी मालकीणबाईंनी छोटीला थोरलीच्या मांडीवर बसवलं, ताई काय बोलते ते मला नंतर सांगायचं हं, असं सांगितलं आणि स्वतः समोरच कपड्यांच्या घड्या घालत बसल्या.

नवी मुलगी एकोणीस-वीसची, वही-पेन घेऊन बसलेली. काम किती, खोली कशी, सुट्टी कधी, सगळं तिने विचारलं आणि थोरलीने सगळ्याला छान म्हटलं. मग तिला बाजूला सरकवून तिची आई पडद्यावर आली. चष्मा चढवून थोरलीला नीट निरखत राहिली.

"बाळा, तू मला लेकीसारखी. हिला भूक सहन होत नाही गं. खरं काय ते सांग, पाठवू का हिला?"

थोरली म्हणाली, "निर्धास्त पाठवा, काकू. जीव लावणारी माणसं आहेत."

मांडीवरची छोटी वळली. "ताई, खोटं. तू बाथरूममध्ये रडतेस. आईने तुझी अंडी फेकून दिली तेव्हापण रडलीस."

पलीकडे काकूंचा चेहरा उतरला. मालकीणबाईंचे हात थांबले. शब्द कळले नसले तरी त्यांना सूर कळला होता.

थोरली हसली, चांगली खळखळून हसली. "आमचा खेळ आहे तो, काकू. हिला गोष्टी रचायची भारी खोड. एक नंबरची थापाडी." आणि तिने छोटीचा गाल ओढला, जरा जोरातच.

काकूही हसल्या. आमचीपण लहानपणी अशीच होती, म्हणाल्या आणि चष्मा वर करून डोळे पुसत लेकीला सांगितलं, कर गं सही, नशीब काढलंस.

कॉल संपल्यावर मालकीणबाईंनी छोटीला जवळ घेतलं. काय म्हणाली ताई? छोटी एक हात गालावर ठेवून थोरलीकडे बघत होती. घर छान आहे म्हणाली, एवढंच तिने सांगितलं. बाकीचं गाळलं. संध्याकाळच्या आत थोरलीच्या हातात पत्र पडलं.

उरलेले तीन आठवडे छोटी तिच्याकडून अंघोळ घालून घेत होती, जेवत होती. पण थोरलीने आपल्या भाषेत गोष्ट सुरू केली की पोर भिंतीकडे तोंड करून स्वतःच्या आईच्या भाषेत म्हणायची, मला कळत नाही.