गायकवाड मॅडमच्या खेकड्याचं सायटेशन

तळेगावातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पूर्वी प्राध्यापक माझ्याकडे पुस्तकं मागायला यायचे, आता आकडे मागायला येतात. आपला शोधनिबंध किती जणांनी त्यांच्या निबंधात उद्धृत केला, म्हणजे सायटेशन किती झाली, ते मी शोधून सांगायचं. आकडा विचारायला आलेला माणूस जाताना काहीतरी बोलून जातोच. त्यामुळे हे किस्से मी जमवायला गेलो नाही, ते माझ्या टेबलाशी आपोआप साठत गेले.

* * *

भौतिकशास्त्राचे भेगडे सर सायटेशनला आहेर समजतात. त्यांनी तुमचा निबंध उद्धृत केला की तुम्ही त्यांचा करायचा! मराठीच्या मॅडम एकदा वैतागल्या. जात्यावरच्या ओव्यांवर लिहितेय, त्यात तुमचा लेझर कुठं बसवू, म्हणाल्या.

सर शांतपणे म्हणाले, "प्रस्तावनेत बसवा. लांबचे पाहुणे मांडवाच्या कडेला बसतातच की."

मॅडमनी बसवला.

* * *

आमच्या प्राचार्यांनी एका मीटिंगमध्ये फर्मान काढलं, कॉलेजच्या वार्षिक अंकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काढा. मी समजावून सांगितलं, की जर्नलमधले लेख पुढे सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्यावर तो ठरतो आणि आपल्या अंकात असतात कविता, पाककृती आणि गॅदरिंगचे फोटो. ते म्हणाले, मग यंदाच्या अंकात मागच्या अंकाचा उल्लेख करायला सांगा.

त्या वर्षी एका मुलाच्या प्रेमकवितेला तळटीपा होत्या.

* * *

प्राणिशास्त्राच्या गायकवाड मॅडम असल्या भानगडीत कधी पडल्या नाहीत. त्या वलवणच्या. नोकरीला लागल्या तेव्हा गावच्या ओढ्यातल्या एका जांभळ्या पायांच्या इवल्या खेकड्यावर त्यांनी निबंध लिहिला. तो एका लहानशा जर्नलमध्ये छापून आला आणि तिथंच राहिला. सायटेशन शून्य.

भेगडे सरांनी आहेर देऊ केला, तर मॅडम म्हणाल्या, "नको सर. ज्यानं तो खेकडा बघितलाय, त्यानंच लिहावं."

लोकलमधून उतरून त्या आधी लायब्ररीत डोकवायच्या. काही आलंय का, विचारायच्या. मी नाही म्हटलं की उलट मलाच धीर द्यायच्या, येईल हो, कुणीतरी बघेलच. इतकी वर्षं एखाद्याची वाट बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांची पावलं वाजली की मी आकडा पुन्हा एकदा उघडून बघायचो.

* * *

मॅडमचे वडील, आबा, एकदा डोळे तपासायला तळेगावला आले होते. लेकीचं लेक्चर संपेपर्यंत माझ्यापाशी बसले. तिचा खेकडा अजून कुणी उद्धृत का केला नाही, असं त्यांनी आडून आडून विचारलं. मी म्हटलं, तो खेकडा दुसऱ्या कुठल्या अभ्यासकाला दिसायला तर हवा.

"मंग पाठवा की त्यांस्नी वलवनला," आबा म्हणाले. "मी दावतो. लय हायेत. जेवून जावा म्हनावं."

आबा त्यानंतर वर्षभरात गेले. तोवर पाहुणा काही आला नव्हता.

* * *

यंदा ऐन परीक्षेच्या गडबडीत शून्याचा एक झाला! मी आधी आकड्याची तीनदा खात्री केली आणि निबंध न उघडताच सगळ्यांना फोन लावले. भेगडे सर पेढे घेऊन आले. प्राचार्य शाल घेऊन आले. मॅडम सुपरव्हिजन सोडून जवळजवळ पळतच आल्या.

मी तो नवा निबंध स्क्रीनवर उघडून दिला. लांबच्या कुठल्याशा विद्यापीठातले अभ्यासक होते. मॅडमचं नाव एकाच वाक्यात होतं. गायकवाड यांनी वलवणच्या ओढ्यातून नोंदवलेला खेकडा आम्ही सगळ्या हंगामांत शोधला, एकही आढळला नाही, तो आता तिथे उरला नसावा, असं ते वाक्य.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. प्राचार्यांना वाक्याशी कर्तव्य नव्हतं. सायटेशन ते सायटेशन, आकड्यात धरलं जातंच. त्यांनी मॅडमच्या खांद्यावर शाल घातली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मॅडमनी सगळ्यांचे व्यवस्थित आभार मानले.

लोक पेढ्यांकडे वळले, तशा त्या माझ्या टेबलाशी आल्या. आवाज अगदी खाली होता.

"सर, याचं परत शून्य करता येतं का हो?"